मामांच्या खोक्यातली कॅसेट : गार्सिया / ग्रिसमन, वॉरफील्ड '९१. जाणकारांनी मदत करावी

पर्वतीपायथा

नमस्कार मंडळी. संगीत विभागात मी नुसता वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे मामा १९८७ ते २००४ कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला होते, मग पुण्यात परतले. गेल्या श्रावणात ते गेले. परवा मामीनं कपाट आवरताना बुटांचं एक खोकं माझ्या हातात दिलं. "तुला गाण्यातलं कळतं, तूच बघ काय ते." मला कळतं ते हिंदी सिनेमातलं आणि थोडंफार शास्त्रीय. खोक्यात ३१ कॅसेटी निघाल्या. वसंतराव, कुमार, माणिकबाई, घरी आलेल्या पाहुण्यांच्या गप्पा. सगळ्यांवर मामांचं टपोरं अक्षर.

एकच वेगळी आहे. मॅक्सेल एक्सएल टू, नव्वद मिनिटांची. कार्डावर दुसऱ्याच कुणाच्या बारीक अक्षरात, इंग्रजीत : 'गार्सिया / ग्रिसमन, वॉरफील्ड ९१'. खाली गाण्यांची यादी आहे, पण पाणी पडून शाई फिसकटली आहे. 'थ्रिल', 'रशियन' आणि 'डॉग' एवढे तीन शब्द लागतात. कोपऱ्यात 'डी५' आणि त्यापुढे गोलात '१'.

नेटवर शोधलं तर एक जण रॉकवाला आणि एक ब्लूग्रासवाला (बँजो-मँडोलिनवरचं अमेरिकन लोकवळणाचं संगीत), एवढं कळलं. हे ध्वनिमुद्रण दुर्मिळ आहे का? ते 'डी५' काय? आणि मुख्य म्हणजे ती न बिघडवता ऐकायची कशी? खोक्यातली माणिकबाईंची एक कॅसेट मी पेठेतल्या एका दुकानात 'कॉम्प्युटरवर घेऊन देतो' म्हणाले म्हणून दिली होती. त्यांच्या यंत्रानं हातभर टेप चावून ठेवली. तेव्हापासून ही घराबाहेर काढलेली नाही.

---

रीळवाला

पर्वतीपायथा, बाकी सगळं नंतर. आधी कॅसेट हातात घ्या आणि वरच्या कडेला दोन्ही टोकांचे प्लास्टिकचे खवले बघा. शाबूत असतील तर मोडून टाका. खवले असेपर्यंत कुणाचंही बोट चुकून रेकॉर्डच्या बटणावर पडू शकतं. मोडले का? आता पुढचं वाचा.

मी १९८८ पासून बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास आहे, आणि त्यातली पहिली दहा-बारा वर्षं अशा कॅसेटींच्या देवाणघेवाणीत घालवली आहेत. तुमच्या कार्डावरच्या दोन खुणा वाचल्या आणि चहा तसाच राहिला.

'डी५' म्हणजे सोनीचं टीसी-डी५एम. खांद्याला अडकवायचं, बॅटरीवर चालणारं कॅसेट रेकॉर्डर. मैफली टिपणाऱ्या मंडळींचं हे लाडकं यंत्र. गोलातला '१' म्हणजे पहिली प्रत. माणूस सभागृहात बसून माइकवरून जी कॅसेट भरतो ती मास्टर, आणि तिच्यावरून थेट उतरवलेली ती पहिली पिढी. कॅसेटवरून कॅसेट करताना दर पिढीला खरखर वाढते आणि वरचे स्वर बोथट होतात. आमच्या हाती बहुधा चौथी, पाचवी पिढी यायची आणि तरी आम्ही खूश असायचो. तुमच्या मामांकडे पहिली आहे. म्हणजे ते टिपणाऱ्याला ओळखत असणार, किंवा त्याच्या अगदी जवळच्या कुणाला.

आता माणसांबद्दल. जेरी गार्सिया म्हणजे ग्रेटफुल डेड या रॉक बँडचा गिटारवाला. जन्म १९४२, सॅन फ्रान्सिस्को. लहानपणी लाकूड फोडताना उजव्या हाताचं मधलं बोट बरंचसं तुटलेलं, तरी हा हात! त्याला रॉकवाला म्हणतात, पण तो मुळात बँजोवाला. डेव्हिड ग्रिसमन न्यू जर्सीचा, मँडोलिन वाजवतो. त्याला 'डॉग' हे टोपणनाव गार्सियानंच दिलं, आणि ग्रिसमनच्या संगीताला पुढे 'डॉग म्युझिक' म्हणू लागले. कार्डावरचा तिसरा शब्द तो.

दोघं भेटले १९६४ मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या सनसेट पार्क नावाच्या जागी, ब्लूग्रासचा जनक बिल मन्रो याच्या कार्यक्रमाला आलेले असताना. ही भेट मला फार महत्त्वाची वाटते. गार्सिया तेव्हा बावीसचाही नव्हता. मित्राला घेऊन कॅलिफोर्नियाहून गाडी हाकत देशाच्या दुसऱ्या टोकाला गेलेला, आणि गाडीत टेपरेकॉर्डर. कशाला? तर गावोगावच्या ब्लूग्रास मैफली स्वतः टिपून आणायला. म्हणजे हा गडी आधी आपल्यासारखाच खोक्यात टेपा जमवणारा होता. पुढे त्याच्याच बँडनं १९८४ मध्ये सभागृहात टिपणाऱ्यांसाठी वेगळी जागा राखून द्यायला सुरुवात केली, ती मला याच प्रवासाची परतफेड वाटते. आम्ही वाजवून झालं की ते तुमचं, असं तो म्हणत असे.

मग १९७० मध्ये ग्रेटफुल डेडच्या 'अमेरिकन ब्यूटी'वर दोन गाण्यांत ग्रिसमनची मँडोलिन आहे. १९७३ मध्ये पीटर रोवन, व्हॅसर क्लेमेंट्स आणि जॉन कान यांच्यासोबत दोघांचा 'ओल्ड अँड इन द वे' हा ब्लूग्रास बँड झाला. गार्सिया बँजोवर. काही महिनेच टिकला. पण त्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या 'बोर्डिंग हाउस' नावाच्या क्लबात डेडचा ध्वनितंत्रज्ञ आउसली स्टॅनली यानं त्यांना टिपलं आणि त्याची १९७५ मध्ये तबकडी निघाली. ऐकली नसेल तर आजच ऐका. असंख्य शहरी पोरं ब्लूग्रासकडे वळली ती या तबकडीमुळे.

मधली बरीच वर्षं दोघं एकत्र वाजवत नव्हते. १९९० च्या सुमारास पुन्हा बसले, ग्रिसमनच्या घरातल्या स्टुडिओत. त्यानं नुकतीच अकूस्टिक डिस्क ही स्वतःची कंपनी काढली होती. १९९१ चा दोघांच्या नावाचा अल्बम तिचाच. आणि त्याच वर्षी २ आणि ३ फेब्रुवारीला मार्केट स्ट्रीटवरच्या वॉरफील्ड थिएटरमध्ये दोघं वाजले. जिम कर्विन बासवर, जो क्रेव्हन व्हायोलिन आणि तालवाद्यांवर. वॉरफील्ड १९२२ चं जुनं नाट्यगृह, दोन हजारांवर माणूस मावतं, आणि तिथं ही चार माणसं लाकडी वाद्यं घेऊन बसलेली.

तुमची कॅसेट त्या दोनांपैकी एका रात्रीची असणार. कुठली, ते ऐकल्याशिवाय सांगता येणार नाही. शिवाय पूर्ण कार्यक्रम नव्वद मिनिटांत मावत नाही. खोक्यात जोडीची दुसरी कॅसेट आहे का बघा.

ऐकायचं कसं, ते रात्री लिहितो. तोवर कुठल्याही यंत्रात घालू नका.

---

भाव_काय

एवढं दुर्मिळ असेल तर लिलावाच्या साइटवर टाका की. डेडचे चाहते काहीही किंमत देतात असं ऐकलंय.

---

रीळवाला

भाव_काय, नाही. कळकळीनं सांगतो, नाही.

टिपायची परवानगी एका अटीवर होती : विकायचं नाही. बदली द्या, फुकट द्या, पण पैसे घ्यायचे नाहीत. ज्याच्याकडे बदल्यात द्यायला काही नसे, तो दोन कोऱ्या कॅसेटी आणि परतीची तिकिटं लावलेलं जाड पाकीट पाठवी, आणि समोरचा अनोळखी माणूस स्वतःचे दोन तास खर्चून प्रत करून धाडी. माझ्या खोलीत पहिले दोनशे तास असे जमले. एक पैसा कुणी घेतला नाही. विकणारा कळला की त्याच्याशी व्यवहार बंद. शिवाय अमेरिकेत १९९४ पासून, परवानगीशिवाय टिपलेल्या मैफलीची विक्री हा कायद्यानंही गुन्हा आहे.

आणि आपल्याकडे उलट काय झालं ते आठवा. पुण्या-मुंबईत कुमारांच्या, मन्सूरअण्णांच्या घरगुती मैफली टिपलेली किती माणसं होती. 'माझ्याकडेच आहे' म्हणून कपाटाला कुलूप. चार पावसाळ्यांत टेपेवर पांढरी बुरशी, आणि माणूस गेला की पोरांनी रद्दीत. मी स्वतः नारायण पेठेतल्या एका घरातून अशा साठ कॅसेटी उचलल्या, त्यातल्या एकोणीस वाजल्या. बाकीच्यांवर काय होतं ते कार्डावर वाचून मला आजही झोप लागत नाही. ही वॉरफील्डची कॅसेट तीस-पस्तीस वर्षं टिकली, ती हातोहात वाटल्या गेलेल्या मालातली आहे. तिला आता कुलपात घालू नका.

---

मंद्र_मँडोलिन

रीळवाला, प्रतिसाद जपून ठेवलाय.

मी नऊ वर्षं मँडोलिन शिकतेय. आपल्याकडे मँडोलिन म्हटलं की लोकांना एकतर यू. श्रीनिवास आठवतात किंवा जुनी हिंदी गाणी. लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार होण्याआधी मँडोलिनच वाजवत, हेही फार जणांना ठाऊक नसतं. पण ब्लूग्रासची मँडोलिन वेगळी, आणि ही कॅसेट ऐकताना काय ऐकायचं ते सांगायचा मोह आवरत नाही.

मँडोलिनला तारांच्या चार जोड्या, जुळवणी व्हायोलिनची. स्वर पटकन मरतो. धरून ठेवायचा तर तीच तार भराभर छेडत राहावी लागते. म्हणून ब्लूग्रासमध्ये ती दोन कामं करते. एक म्हणजे बिल मन्रोनं रूढ केलेला, मात्रांच्या मधोमध पडणारा आखूड तुटका ठोका, ज्याला 'चॉप' म्हणतात. तबला नसलेल्या मैफलीत ताल तोच धरतो. दुसरं म्हणजे धावती सुरावट. ग्रिसमन दोन्ही करतोच, पण त्याच्या हातात एक तिसरी गोष्ट आहे. तो गाण्यामागे अगदी हळू वाजवू शकतो. गार्सियाचा आवाज तोवर थकलेला, काठावर फाटणारा. शब्द संपला की तो गिटारवर दोन-चार स्वर टाकून थांबतो, आणि उरलेली जागा ग्रिसमन भरतो. कधीकधी भरतही नाही, नुसता एक स्वर ठेवून देतो. याला सवाल-जवाब म्हणता येणार नाही. कुणी कुणाला हरवायला बसलेलं नाही. दोन म्हातारे ओट्यावर बसून बोलतात ना, एकाचं वाक्य दुसरा पुरं करतो, तसं.

'रशियन' म्हणजे 'रशियन ललबाय' असणार, 'थ्रिल' म्हणजे 'द थ्रिल इज गॉन'. दोन्ही १९९१ च्या अल्बमवर आहेत. 'थ्रिल' तर पहिलंच. स्टुडिओतली आणि सभागृहातली लागोपाठ ऐकून बघा. मला नेहमी सभागृहातली जास्त आवडते. तिथं टाळ्यांच्या आधीची शांतता ऐकू येते.

पर्वतीपायथा, तुम्ही पर्वतीलाच असाल तर मी सहकारनगरला आहे. माझ्याकडे तीन हेडचा डेक, म्हणजे कॅसेट वाजवायचं चांगलं यंत्र आहे, गेल्याच वर्षी पट्टे बदलून घेतलेत. कॅसेट घेऊन या, चावणार नाही.

---

मालाड_पश्चिम

जाता जाता, या मंडळींचा आपल्याशी थेट धागा आहे. अली अकबर खाँसाहेबांचं कॉलेज सॅन राफेलला, ग्रेटफुल डेडचं कार्यालयही त्याच गावात. माहीमचे झाकिरभाई तिथं शिकवत असताना कॉलेजातल्या तालवाद्यांच्या मेळातून डेडचा ड्रमवाला मिकी हार्ट याच्याबरोबर 'दिगा ऱ्हिदम बँड' उभा राहिला. १९७६ चा 'दिगा' अल्बम काढा, त्यावर गार्सियाची गिटार आहे. झाकिरभाईंचं ब्लूग्रासशीही शेवटपर्यंत नातं होतं. बँजोवाला बेला फ्लेक आणि बासवाला एडगर मेयर यांच्याबरोबरच्या 'अ‍ॅज वी स्पीक'ला २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं, त्याच वर्षी डिसेंबरात ते गेले.

पर्वतीपायथा, तुमचे मामा तबला वगैरे शिकत होते का?

---

रीळवाला

मंद्र_मँडोलिन, तुमचा डेक म्हणजे देव पावला. पर्वतीपायथा, जा. आणि दोघं मिळून हे एवढं करा.

कॅसेट उजेडात धरून खिडकीतून टेपेच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसतात का बघा. दिसले तर थांबा, इथं लिहा. बुरशी डेकच्या हेडला, म्हणजे टेपेला टेकून आवाज वाचणाऱ्या भागाला लागली की पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. मधोमध टेपेमागे छोटी गादी असते, ती जागेवर आहे ना तेही बघा. ती गळालेली असेल तर आवाज येतो-जातो.

सगळं ठीक असेल तर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं न हललेली गुंडाळी सैल होते. मग हेडचा कोन. ज्या यंत्रावर भरली त्याच्याशी तुमच्या हेडचा कोन जुळला नाही तर मँडोलिन ब्लँकेटखालून वाजल्यासारखी वाटेल. डेकचा छोटा स्क्रू अगदी केसभर फिरवत, हेडफोन लावून, तार सर्वांत लखलखीत वाजेल तिथं थांबायचं. याला अर्धा तास गेला तरी चालेल. सगळा जीव त्यात आहे.

डेकवर टेपेचा प्रकार टाइप टू ठेवा. कार्डावर डॉल्बीची (खरखर दाबायची सोय) खूण नसेल तर डॉल्बी बंद ठेवूनच एक प्रत घ्या, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. खरखर साफ करायचा मोह नको, ती प्रत आहे तशी ठेवायची. ऐकायला हवी तर वेगळी करा.

ऐकताना एकच शोधा : हे टेबलावरून, म्हणजे मंचावरचा आवाज जुळवणाऱ्या यंत्रातून थेट घेतलेलं आहे की सभागृहातून? 'डी५' म्हणजे सभागृहातलंच, असं मी धरून चाललोय. टेबलावरून घेतलेलं असेल तर वाद्यं कोरडी, कानाशी लागलेली आणि टाळ्या लांबून येतील. माइकवरचं असेल तर उलट. टाळ्या अंगावर येतील, सभागृहाचा घुमारा असेल, आणि माइकजवळ बसलेल्यांचं बोलणं ऐकू येईल. टिपणारे त्याला फार जपत. माइकचा खांब उभा केला की आजूबाजूच्यांना आधीच हात जोडून सांगत, कृपा करून बोलू नका. मीही सांगितलंय कितीदा.

---

पर्वतीपायथा

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. क्रमानं सांगतो.

मामीला फोन केला. हो, मामा तबला शिकत होते! दर शनिवारी फ्रीमाँटहून गाडी चालवत सॅन राफेलला, अली अकबर कॉलेजात. मला हे ठाऊकच नव्हतं. पुण्यात आल्यावर त्यांनी तबला कधी काढला नाही. मामी म्हणाली, "वर्गात एक लांब केसांचा मुलगा होता. एकदा वर्ग सुटल्यावर हे त्याच्याबरोबर परस्पर सॅन फ्रान्सिस्कोला गेले, मध्यरात्र उलटून आले. मी किती घाबरले होते. नंतर त्यानं टपालानं एक कॅसेट पाठवली." वर्ग शनिवारचा. मी पंचांगात पाहिलं, १९९१ च्या फेब्रुवारीत २ तारीख शनिवारी, ३ रविवारी.

काल संध्याकाळी सहकारनगरला गेलो. बुरशी नव्हती, गादी जागेवर होती. कोन जुळवायला ताईंनी पाऊण तास घेतला. स्क्रू केसभर फिरला आणि एकदम पडदा बाजूला झाल्यासारखी मँडोलिन समोर आली. मी या प्रकारचं संगीत आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. दोन म्हातारे ओट्यावर, हे अगदी खरं.

टाळ्या अंगावर येतात, घुमारा आहे. म्हणजे सभागृहातलंच.

आणि अजून एक. दुसऱ्या बाजूला, बाविसाव्या मिनिटाच्या आसपास, मँडोलिन एक लांब फेरा घेऊन परत मूळ जागी येते. नेमक्या त्या जागी, माइकच्या अगदी जवळ, कुणीतरी म्हणतं, "वा!"

ताईंनी मागे घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा "वा!". समेवर देतात तशी, पोटातून आलेली. आवाज माझ्या मामांचा आहे. त्यात मला काही शंका नाही, मी त्या आवाजात लहानपणी पाढे म्हटलेत.

आणि त्यानंतर लगेच, तितक्याच जवळून, दुसरं कुणीतरी : "श्श्!"

मामीला ऐकवलं. ती काही बोलली नाही, फक्त पुन्हा लाव म्हणाली. चारदा लावलं. जोडीची दुसरी कॅसेट मात्र सापडली नाही.

रीळवाला, आता ही वाटायची कशी ते सांगा. मामीची हरकत नाही.

---

रीळवाला

तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. दोघंही थोडा वेळ तसेच बसलो होतो.

फाइल फ्लॅकमध्ये करा, त्यात आवाजातलं काही गळत नाही. एमपीथ्री नको. सोबत साध्या मजकुराची एक फाइल ठेवा, आणि तिच्यात ही ओळ अशीच घाला : 'सभागृहातून. माइक, सोनी टीसी-डी५एम मास्टर, कॅसेट पहिली पिढी, डेक, २४ बिट / ९६ किलोहर्ट्झ.' डेकचं नाव मंद्र_मँडोलिन यांना विचारून लिहा. तारीख '२ फेब्रुवारी १९९१' आणि पुढे 'घरच्यांच्या आठवणीवरून'. कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, फिसकटलेल्या शाईसकट. माझा पत्ता व्यनि (खासगी निरोप) करतो. मला आधी पाठवा, मी दोन्ही रात्रींच्या माझ्याकडच्या प्रतींशी ताडून बघतो आणि मग पुढे द्यायची व्यवस्था करतो. दुसरी कॅसेट माझ्याकडच्या चौथ्या पिढीतून पुरी करून देता येईल, आवाज थोडा मळका असेल.

आणि बाविसाव्या मिनिटाला कुणी काही साफ करू म्हणालं तर करू देऊ नका. ते 'वा' पुसायचं नाही, आणि ते 'श्श्'ही नाही.